ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द तुम्ही रोज ऐकता. त्यातला अंगण हा शब्द मूळ संस्कृतातला. वाडी हा शब्द रत्नागिरी जिल्ह्यातील मुलांना समजावून सांगायला नको. गावातील घरांच्या समूहाला आपण वाडी म्हणतो आणि नारळी-पोफळीच्या बागेलाही वाडीच म्हणतो. बालवाडी म्हणजे मुलांची बाग आणि अंगणवाडी म्हणजे घरापुढच्या अंगणात फुललेली बाग. हा शब्द आणि त्यामागची कल्पना ज्यांच्या कामातून पुढे आली, त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे होते. त्यामुळे मुलीने शिकावे, याला घरात विरोध नव्हता. त्या काळी मुली शाळेतही क्वचितच दिसत. अशा काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी वेगळे झाले. पदरी एक लहान मुलगी होती. त्या काळी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. ताराबाईंनी रडत न बसता नोकरी धरली. राजकोट येथे शिक्षिका तयार करणारी एक संस्था होती. तिच्या त्या प्रमुख झाल्या.

राजकोटला असताना त्यांच्या कानांवर गिजुभाई बधेका यांचे नाव आले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि वकिली सोडून शिक्षक झाले. १९२० साली त्यांनी भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. तेथे छडी नव्हती आणि घोकंपट्टीही नव्हती. लोक गिजुभाईंना प्रेमाने मिशावाली आई म्हणत. चांगल्या पगाराची नोकरी सोडून ताराबाई १९२३ साली त्यांच्या कामात सामील झाल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. आईबाप आणि शिक्षक यांच्यासाठी त्यांनी शिक्षणपत्रिका हे मासिकही चालवले.

भावनगरचे शिक्षण मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीच्या विचारांवर आधारलेले होते. लहान मूल ऐकून कमी शिकते आणि हातांनी करून जास्त शिकते, हा त्या विचाराचा गाभा. त्यासाठी माँटेसोरीबाईंनी खास साधने तयार केली होती. लहानमोठे लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे अशी ती साधने होती. मुलांनी ती हाताळायची, रचायची, चुकली तर आपली आपण पुन्हा लावायची. माँटेसोरीबाईंची पहिली शाळा १९०७ साली रोम शहरातील गरीब मजुरांच्या वस्तीत सुरू झाली होती. आपल्या देशात मात्र ही पद्धत प्रामुख्याने सुखवस्तू घरांत पोहोचली. साधने महाग होती आणि सुतारकामही अगदी मापात करावे लागे. गरिबांसाठी जन्मलेली गोष्ट श्रीमंतांच्या घरी जाऊन बसावी, असे पुष्कळदा घडते.

ताराबाईंनी पुढे मुंबईला येऊन १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे लहान मुलांबरोबर शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. संस्थेचे नाव झाले. एखाद्याने येथेच समाधान मानले असते. पण ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. ज्या मुलाच्या घरी पाटी विकत घ्यायलाही पैसे नाहीत, त्या मुलाला हे शिक्षण कधी मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली त्या बोर्डी येथे गेल्या. त्यांचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. आपली रत्नागिरी ज्या अरबी समुद्राच्या काठी आहे, त्याच समुद्राच्या काठी, पण खूप उत्तरेला, गुजरातच्या सीमेजवळ ते वसले आहे. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. या कामात त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते आणि त्या मोठ्या जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले, बालवाडी सुरू झाली. पण ज्यांच्यासाठी आपण आलो, ती गरीब वस्तीतील मुलेच येत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. आईबाप सकाळीच कामावर जात. मुलांना शाळेत कोण पोहोचवणार? शिवाय अंगावर धड कपडे नाहीत, अंघोळ नाही, मग शाळेची भीती वाटणारच. दुसरी कोणी बाई असती तर लोकांना शिक्षणाची गोडी नाही, असा दोष देऊन मोकळी झाली असती. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. वेळ ठरवून शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखादे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे. हीच अंगणवाडी.

अंगणात लाकडी ठोकळे कुठून आणणार? पण पाने होती, फुले होती, बिया, खडे आणि समुद्रकाठचे शिंपलेही होते. महागड्या साधनांऐवजी याच वस्तू त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. मला ताराबाईंच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

यात काय शिक्षण आहे, असे कोणालाही वाटेल. आपल्या कोकणातल्याच वस्तू घेऊन पाहा. पाच-सहा करवंट्या घासून स्वच्छ केल्या आणि लहान-मोठ्या क्रमाने मांडायला सांगितल्या, की मूल आकार ओळखायला शिकते. एका वाटीतले चिंचोके दुसऱ्या वाटीत एक एक करून टाकताना ते मोजायला शिकते. चिंचोका उचलताना अंगठा आणि बोट जसे जुळते, तसेच पुढे पेन्सिल धरताना जुळावे लागते. म्हणून हा खेळ म्हणजे लेखनाची पहिली पायरी होय. शिंपल्यांची रंगांप्रमाणे वाटणी करणे, ओल्या वाळूत बोटाने अक्षर काढणे, दोऱ्यात फुले ओवणे, दोन सारख्या डब्यांपैकी एकात खडे व दुसऱ्यात तांदूळ भरून आवाज ओळखणे, हे सारे याच जातीचे खेळ आहेत. तांब्यातले पाणी न सांडता पेल्यात ओतणे हाही धडाच आहे. मात्र अगदी लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते, तेव्हा चिंचोके देताना जवळ बसावे. काजूची कच्ची बी तर देऊच नये. तिच्या टरफलातील तेलाने कातडीवर फोड येतात, हे कोकणात कोणाला माहीत नाही?

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. येथे वारली आदिवासींची वस्ती होती. भाताच्या पिठाने झोपडीच्या भिंतींवर चित्रे काढणारे हे लोक. तेथे नवी अडचण दिसली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येत नसे, कारण त्याला गुरे राखायची असत. यावर ताराबाईंनी व अनुताईंनी सरळ उपाय काढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. ताईने बाळाला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. या शाळेला विकासवाडी हे नाव दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत आणि मुले झाडाखाली शिकत. तिला कुरणशाळा म्हणत.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आहार, लसीकरण आणि शिक्षण यांची सोय करणाऱ्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालू ठेवले. १९९२ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्या त्याच टेकडीवरच्या मुलांसाठी झटत होत्या.