रेव्हरंड टिळकांचा अनाम मित्र

नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जाते. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक प्रवास करीत होते. डब्यातील एका युरोपीय गृहस्थाने त्यांना आपुलकीने जागा करून दिली, त्यांच्याशी संस्कृत काव्यावर संभाषण केले आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असेही तो सांगून गेला. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही.

टिळक ग्रंथ वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याचे मोल फार मोठे होते. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह काही वर्षे त्यांना दुरावल्या. ‘स्मृतिचित्रे’तील ती पाने वाचताना आमचे मन आजही हेलावते. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला, पण पतीच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या विचाराने.

टिळक प्रॉटेस्टंट होते, आम्ही कॅथलिक. तरी ख्रिस्तभक्ती अभंगात गाण्याचा त्यांचा ध्यास आम्हांस परका वाटत नाही. अहमदनगरच्या त्यांच्या घरी तरुण बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले, तेही आपला हिंदू धर्म न सोडता. असा स्नेह वादविवादात क्वचितच आढळतो!

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. गोंदियावरून गाडीने जाताना आम्हांस मात्र त्या अनाम प्रवाशाचेच स्मरण होते.