मिशनच्या शाळेत शिकून बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले, मग महात्मा फुले का झाले नाहीत?

मराठीतली पहिली कादंबरी कोणती? स्पर्धा परीक्षेतला हमखास प्रश्न. उत्तर यमुनापर्यटन, साल १८५७, लेखक बाबा पदमनजी. विधवांचे हाल मांडणारी ही कादंबरी लिहिण्याच्या ३ वर्षं आधी बाबा ख्रिस्ती झाले होते. पण ते झाले कसे?

१८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घर देवभोळं. पण इंग्रजी शिकायला मुलगा गेला मिशनच्या शाळेत. म्हणजे घरी देवपूजा आणि वर्गात बायबल.

पुढे शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्या संस्थेत शिकू लागले. आजचं विल्सन कॉलेज ते हेच. पालकांना या शाळेची धास्ती होती. कारण १८३९ मध्ये इथल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी धडाधड मुलं शाळेतून काढून घेतली होती.

मग बाबांनी लगेच धर्म बदलला का? तर नाही.

आधी ते परमहंस मंडळीत गेले. ही गुप्त संघटना होती. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा मानायची नाही, पण बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. बाबांचं मन त्यात रमलं नाही. जे पटलंय ते लपवायचं कशाला, हा प्रश्न उरलाच. शेवटी १८५४ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ जात आणि गोतावळा तुटणं.

आता दुसरी बाजू. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. म्हणजे तेही किशोरवयातच. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला.

थोडक्यात, शाळेनं दोघांनाही जुन्या रूढींवर प्रश्न विचारायला शिकवलं. उत्तर मात्र ज्याचं त्यानं शोधलं, तेही शाळा सुटल्यावर.

बाबा पुढे पुण्यात फ्री चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू झाले. शब्दकोश, धर्मग्रंथ, अरुणोदय हे आत्मचरित्र, असं ते लिहीत राहिले. १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं. वर्षानुवर्षं विचार करून स्वीकारलेली श्रद्धा ५२ वर्षं टिकली.