पंडिता रमाबाई आणि मुलांस सांगावयाचा अमेरिकेचा इतिहास

परंड्याच्या आसपासच्या मंडळ्यांतून फिरतांना एक गोष्ट आमच्या पाहण्यांत वारंवार येते. ख्रिस्ती आईबाप मुलांस प्रार्थना शिकवितात, गीतें शिकवितात. परंतु ज्या मिशनरी लोकांनीं आपल्या वाडवडिलांस सुवार्ता सांगितली ते कोणत्या देशांतून आले व त्या देशाची हकीकत काय, असें मुलानें विचारिलें म्हणजे त्यांस उत्तर सुचत नाहीं. कोणी सांगतो कीं, अमेरिका म्हणजे पृथ्वीवरील स्वर्गच. कोणी म्हणतो कीं, त्या दूरच्या देशाशीं आपणांस काय करावयाचें आहे? हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले, आणि त्यांनीं आरंभिलेलें कार्य पुढें नगर व सोलापूर ह्या भागांत पसरलें. तेव्हां त्या देशाचा इतिहास आमच्या मुलांस अगदींच परका नव्हे. तो घरीं कसा सांगावा हें एका मराठी बाईंच्या चरित्रावरून शिकतां येतें. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत, गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत विद्या देऊं नये असा त्या काळचा लोकाचार असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती शिकविली, आणि लोकांचा रोष झाला तेव्हां ते अरण्यांत घर करून राहिले. पुढें तें घरहि सोडून हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. अशा स्थितींत रमाबाईंस शाळा कोठली? आई हीच त्यांची शाळा. दिवसभर कामांमुळें लक्ष्मीबाईंस सवड नसे. म्हणून त्या पहांटे, पांखरें जागीं होण्यापूर्वीं, मुलीस उठवून जवळ घेत व तिच्याकडून पाठ म्हणवून घेत. पाटी नाहीं, बांक नाहीं, घंटा नाहीं. तरी त्या मुलीस हजारों श्लोक मुखोद्गत झाले. आपणांस वेळ मिळत नाहीं असें म्हणणाऱ्या आमच्या माउलींनीं ह्या पहांटेचा विचार करावा.

इ. स. १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला, आणि थोड्याच काळांत रमाबाईंचे वडील, आई व थोरली बहीण हीं निवर्तलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास पायीं देशभर फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचले. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभीं पतीहि निवर्तले, आणि पदरीं एक लहान मुलगी मनोरमा घेऊन त्या विधवा झाल्या. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि ता. २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

अमेरिकेस त्या १८८६ सालीं गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथें डॉक्टरची पदवी मिळावयाची होती, त्या समारंभासाठीं हें जाणें झालें. थोडे दिवस राहण्याचा बेत होता, पण १८८८ च्या अखेरपर्यंत त्या तेथेंच राहिल्या. गांवोगांव व्याख्यानें देऊन त्यांनीं हिंदुस्थानांतील बालविधवांची दशा लोकांपुढें मांडिली. १८८७ सालीं बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली, व तिनें दहा वर्षें साह्य देण्याचें पत्करिलें. ह्याच काळांत त्यांनीं बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. लहान मूल हातांत वस्तु घेऊन, गाऊन व खेळून शिकतें, हें त्या पद्धतीचें तत्त्व. पहांटे केवळ कानांनीं शिकलेल्या ह्या बाईंस आतां डोळ्यांनीं व हातांनीं शिकविण्याची रीतहि कळली.

परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हें मराठी पुस्तक प्रसिद्ध केलें. ह्या पुस्तकांत आमच्या विषयाचा गाभा आहे. त्या देशाचा राज्यकारभार, तेथील शाळा, धर्मादाय संस्था व स्त्रियांचे उद्योग ह्यांची त्यांनीं मोकळ्या मनानें स्तुति केली. पण तेथील मूळच्या रहिवाशांचे गोऱ्या लोकांनीं केलेले हाल, काळ्या लोकांची गुलामगिरी, ती संपल्यावरहि राहिलेला वर्णद्वेष, आणि स्त्रियांस न मिळालेले हक्क ह्यांवर त्यांनीं पडदा घातला नाहीं. लक्षांत घ्या कीं, त्या वेळीं त्यांच्या शाळेचा सारा खर्च त्याच देशांतील लोकांच्या वर्गणीवर चालावयाचा होता. तरी उपकाराच्या ओझ्यानें त्यांनीं सत्य दडविलें नाहीं, आणि सत्य सांगतां सांगतां उपकारहि विसरल्या नाहींत. पवित्र शास्त्रहि असेंच करितें. दाविदाचें राज्य सांगतांना तें दाविदाचें पाप लपवीत नाहीं. ज्या मुलास आपण केवळ स्तुति शिकवूं तें मोठेपणीं दोष कळतांच स्तुति व सांगणारा दोघांनाहि खोटें मानील.

आतां हें खेड्यांतील घरीं कसें करावें? बालोद्यानाची रीत धरावी, म्हणजे मुलाच्या हातीं असलेल्या वस्तूपासून आरंभ करावा. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असतो, शेतांत मका व भुईमूग असतो. हीं तिन्ही मूळचीं अमेरिका खंडांतील होत. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोहोंचल्यानंतर जहाजांवाटे तीं जगभर पसरलीं. अंगणांत राखेनें दोन देश व मधला समुद्र काढावा, आणि ज्वारीचा दाणा जहाज म्हणून मुलाकडून पलीकडे नेववावा. मग १६२० सालीं धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठीं मेफ्लॉवर जहाजांतून गेलेल्या लोकांची गोष्ट सांगावी. पहिल्या हिंवाळ्यांत त्यांपैकीं सुमारें निम्मे मेले, आणि उरलेल्यांस तेथील मूळच्या रहिवाशांनींच मका पेरावयास शिकविलें. ज्यांनीं शिकविलें त्यांच्याच जमिनी पुढें हिसकावून घेतल्या गेल्या, हेंहि त्याच बैठकींत सांगावें. दुसऱ्या रात्रीं ता. ४ जुलै १७७६ ची गोष्ट यावी, त्या दिवशीं इंग्लंडच्या अमलाखालील तेरा वसाहतींनीं आपण स्वतंत्र आहों असें जाहीर केलें.

गुलामगिरीची गोष्ट सांगावयाची वेळ येईल तेव्हां परंड्याच्या मुलांस फार लांब जावें लागत नाहीं. आपल्या किल्ल्याकडे बोट दाखवावें. १६०० सालीं मोगलांनीं नगर घेतल्यावर कांहीं काळ परंडा हीच निजामशाहीची राजधानी होती, आणि त्या राज्याचा कारभार ज्याच्या हातीं होता तो मलिक अंबर आफ्रिकेंतील हबसाण देशांतून लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला होता. त्यास येथें वजिरी मिळाली. अमेरिकेंत मात्र आफ्रिकेंतून नेलेल्या लोकांचीं मुलें व नातवंडेंहि गुलामच राहत. लांकडी झोपडींत जन्मलेल्या व घरींच पुस्तकें वाचून शहाण्या झालेल्या अब्राहाम लिंकनच्या कारकीर्दींत ह्याच प्रश्नावरून १८६१ ते १८६५ पर्यंत भाऊबंदांचें घोर युद्ध झालें, आणि १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नाहींशी झाली. ही वार्ता महाराष्ट्रांतहि पोहोंचली होती. जोतिराव फुले ह्यांनीं १८७३ सालचें आपलें गुलामगिरी हें पुस्तक ह्याच कृत्याबद्दल अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. आमच्या ज्या मुलांच्या आजोबांस गांवच्या विहिरीवर चढूं दिलें जात नव्हतें त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडत नाहीं. तीं ती आपोआप समजतात.

रमाबाईंचें पुढील आयुष्य सर्वांस ठाऊक आहे. ता. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत अनाथ मुली व स्त्रिया शेंकड्यांनीं आणून त्यांनीं केडगांव येथें मुक्ति मिशन वाढविलें. स्वतः दुष्काळांत आई गमावलेली ही बाई दुष्काळांतील मुलींची आई झाली. पुढें मायलेकींच्या कार्यानें गुलबर्ग्यास शाळा निघाली. तो भाग त्या काळीं आमच्या परंड्याप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होता. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत पवित्र शास्त्र उतरविण्याचें काम त्यांनीं शेवटपर्यंत चालविलें. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं प्रभूमध्यें विश्रांति घेतली.

उपदेशक बंधूंनो, आपण घरभेटीस जातां तेव्हां प्रार्थना झाल्यावर मुलांस एक गोष्ट सांगत जा, आणि आईसहि ती ऐकावयास बसवा, म्हणजे आपण गेल्यावर ती तीच गोष्ट पुन्हां सांगेल. जिला अक्षर येत नाहीं तिलाहि गोष्ट सांगतां येते. लक्ष्मीबाईंनीं रानांत व धर्मशाळेंत शिकविलें. आमच्या माउलींस निदान स्वतःचा उंबरठा आहे. मात्र गोष्ट पुरी सांगावी, चांगली बाजू आणि वाईट बाजू दोन्ही. ज्यांनीं आम्हांस शुभवर्तमान दिलें त्यांचे आम्ही आभारी आहों; परंतु आम्हीं नमावें तें त्यांच्या देशापुढें नव्हे, तर सर्व देशांचा न्याय करणाऱ्या प्रभूपुढें, हें मूल लहानपणींच शिकलें तर मोठेपणीं तें कोणाचें दास होणार नाहीं.