मुळशीचे सेनापती

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात. पण हा सेनापती कोणत्या सैन्याचा, असा प्रश्न फारच थोड्यांना पडत असेल. मला तो निगडीत राहताना पडला, आणि त्याचे कारण आमच्या नळाचे पाणी.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजातील या बुद्धिमान विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो एडिंबरोला गेला. तेथे इंग्रजी राजवटीवर उघड टीका केल्याने शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या शिकणे, मायदेशी परतणे, अज्ञातवास, अटक आणि सुटका, असा एखाद्या कादंबरीला शोभणारा प्रवास घडला. परंतु त्यांना सेनापती केले ते बॉम्बने नव्हे, मावळातल्या भातखाचरांनी!

सह्याद्रीचा माथा ओलांडून येणारा पाऊस पूर्वेकडच्या नद्यांना मिळतो. हेच पाणी धरणात अडवून बोगद्यातून व नळांतून पश्चिमेला कोकणात सोडले, तर त्या प्रचंड उंचीच्या बळावर वीज निर्माण होते. टाटा कंपनीने या तत्त्वावर खोपोलीला १९१५ साली वीजकेंद्र सुरू केले होते. पुढची योजना मुळा व नीला यांच्या संगमाजवळच्या मुळशीची होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी पन्नासाहून अधिक गावे आणि आंबेमोहोर पिकवणारी जमीन पाण्याखाली जाणार होती. सरकारने कायद्याने जमीन घेऊन कंपनीला द्यायची, असा बेत होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासह बापट पुढे होते. मावळे बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. पण जमिनीवर पुण्याच्या सावकारांचाही हक्क होता; त्यांना मोबदला पुरेसा वाटू लागला आणि कसणारा कुणबी एकटा पडला. एकीकडे नुकसानभरपाई, दुसरीकडे पिढ्यांचे जगणे, हा भेद तेव्हाच स्पष्ट झाला होता. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी साथीदारांसह मजुरांची आगगाडी शस्त्रानिशी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. हा मार्ग अनेक सत्याग्रहींना पटला नाही. मलाही पटत नाही. पण स्वतःची एक इंचही जमीन बुडत नसताना त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, हे कसे विसरावे?

लढा हरला. १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. अनेक कुटुंबे जलाशयाच्या वरच्या अंगाला, उतारावर सरकली. पुढे बापट संयुक्त महाराष्ट्र व गोवामुक्तीच्या चळवळींत उतरले, हातात झाडू घेऊन रस्ते झाडले, श्रीअरविंदांचा ग्रंथ मराठीत आणला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मग आज त्यांची आठवण का काढावी? पवना नदीचे पाणी रावेतला उपसून निगडीत शुद्ध केले जाते आणि शहराचा मोठा भाग ते पितो. पवना धरणासाठी जमिनी दिलेल्या अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. त्याच धरणातून बंद नळाने पाणी आणण्याला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार होऊन तिघांचा बळी गेला. आणि ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. डोंगर पाणी देतो, पण त्याच्या कुशीत राहणाऱ्याचा जीव पहिल्यांदा धोक्यात येतो. धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. ती नसती तर आपले कारखाने नसते, कदाचित आपले महाविद्यालयही नसते. पण डोंगराची साधनसंपत्ती वाटताना डोंगरातल्या माणसाला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट मुळशीच्या सेनापतीने शंभर वर्षांपूर्वी मांडली होती. शहराने तिचे उत्तर अजून द्यायचे आहे.