ग्योकी : विहाराबाहेर पडलेला भिक्खू

आपल्या चिखलोली धरणाचे पाणी अंबरनाथच्या नळाला येते. पाणी अडवणे हे भिक्खूचे काम आहे का? तेराशे वर्षांपूर्वी जपानमध्ये एका भिक्खूने ते केले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला.

ग्योकी यांचा जन्म इ.स. ६६८ चा, आजच्या ओसाकाजवळचा. घराणे कोरियातून आलेल्या स्थलांतरितांचे. त्या काळचा जपान शिंतोचा. शिंतोला संस्थापक नाही, एकच असा धर्मग्रंथ नाही. डोंगर, नदी, जुने झाड, पूर्वज यांत 'कामी' असतात अशी श्रद्धा. तोरी नावाच्या कमानीतून आत जायचे, हात-तोंड धुऊन शुद्ध व्हायचे, मग वंदन करायचे. मृत्यू मात्र अशुद्ध. म्हणून तर आजही जपानी माणसाचा अंत्यविधी बहुधा बौद्ध पद्धतीने होतो. विटाळाच्या कल्पनेने माणसांचे काय केले हे आपल्याला कुणी सांगायला नको.

बौद्ध धम्म तेव्हा राजदरबाराचा होता. भिक्खूंनी विहारात राहून राज्यासाठी सूत्रपठण करावे, लोकांत मिसळू नये, असा कायदा होता. ग्योकी रस्त्यावर उतरले. करवसुलीचे धान्य पाठीवर वाहून राजधानीला जाणारी माणसे वाटेत उपाशी मरत. त्यांच्यासाठी निवारे उभारले, पूल बांधले, तळी खोदली, कालवे काढले. सायामा तलावाची दुरुस्ती ७३१ ची. धम्म ऐकायला आलेले लोकच कुदळ-फावडे घेत. ७१७ मध्ये फर्मान निघाले, त्यात त्यांचे नाव घेऊन त्यांना हिणवले गेले. काम थांबले नाही.

पुढे देवीची साथ आली, दुष्काळ पडले. सम्राट शोमूने ७४३ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा संकल्प सोडला, आणि लोकांना हाक घालायला त्याला ग्योकीच लागले! ७४५ मध्ये भिक्खुसंघातले सर्वोच्च पद त्यांना मिळाले. दरबाराने त्यांना वापरून घेतले असे म्हणता येईल. पण गरज कोणाला होती, हेही दिसते.

७४९ मध्ये ग्योकी गेले. त्याच सुमारास हाचिमान हा कामी महाबुद्धाचा रक्षक म्हणून नाराला आणला गेला, आणि देव व बुद्ध एकत्र पुजण्याची वाट रुंद झाली. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला ती मानवणारी नाही. सरकारनेच १८६८ मध्ये दोघांना वेगळे केले तेव्हा मात्र कित्येक विहार उद्ध्वस्त झाले.

७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रेखले ते भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूने. जपानी परंपरा सांगते की ७३६ मध्ये तो उतरला, तेव्हा बंदरावर त्याला घ्यायला ग्योकी उभे होते.