अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

बालवाडीतील मुलांनी पाने, बिया, शंख-शिंपले गोळा करावेत, ते लहानमोठे लावावेत, मोजावेत, बी पेरून कोंब येईपर्यंत रोज जाऊन पाहावे, अशा उपक्रमांकडे पुष्कळ पालक अजूनही साशंकतेने पाहतात. आपल्या समाजात ही शंका अधिक आहे आणि तिला सबळ कारण आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला माती, गुरे आणि सरपण यांपलीकडे काही येऊ दिले गेले नाही, त्यांनी मुलाला शाळेत घातले ते मातीतून बाहेर काढण्यासाठी. शाळेनेच पुन्हा त्याच्या हाती माती द्यावी, हे त्यांना कसे पटावे? हा प्रश्न मनात ठेवूनच ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचले पाहिजे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या घरी झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. १९२१ मध्ये हा विवाह घटस्फोटाने संपला. त्या काळी अशा स्त्रीला समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते. तरीही १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाईंच्या प्रयोगांमागे मॉन्टेसरी पद्धतीची प्रेरणा होती. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत निघाले होते. आपल्याकडे मात्र ती पद्धत बऱ्याच अंशी सुखवस्तू घरांतील मुलांची झाली, कारण तिची साधने महाग. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. दादरमधील हे काम मोलाचे खरे, परंतु ते प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाच्या मुलांपर्यंत पोहोचले. पन्नाशी ओलांडल्यावर ताराबाईंनी ते शहर सोडले आणि ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघरच्या) किनाऱ्यावरील बोर्डी गावात १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच विधवा झालेल्या, शिक्षिकेचे काम करीत स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक योगायोग येथे थांबवतो. त्याच १९४५ च्या जुलैत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून उच्च शिक्षणाचे दार उघडण्यास आरंभ केला होता. दोन कामांची प्रेरणा वेगळी आणि राजकारणही वेगळे. पण महाविद्यालयापर्यंत पोहोचायचे तर आधी कोणीतरी तीन-चार वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचावे लागते.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. (हा शब्द आपण नाकारला आहे, वस्तीचे त्या काळचे नाव म्हणून तो येथे ठेवला आहे.) ज्या काळात पाणवठाही वेगळा, त्या काळात एखादे मूल आपल्या वस्तीबाहेर मोकळेपणाने कुठवर जाऊ शकले असते? ताराबाईंनी मुलांना बोलावणे सोडून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. तेथे दिवसाची सुरुवात स्वच्छतेपासून होई : हातपाय धुणे, नखे, केस. अस्पृश्य ठरवलेल्या मुलाच्या डोक्याला शिक्षिकेने हात लावणे ही केवळ आरोग्याची गोष्ट नव्हती. माझ्या मते अंगणवाडीचा पहिला धडा तोच होता आणि तो मुलांपेक्षा गावाने शिकायचा होता.

अंगणात महागडी साधने आणणे शक्यही नव्हते आणि ताराबाईंना ते इष्टही वाटले नाही. खडे, शिंपले, पाने, फुले, बिया, काटक्या हीच साधने झाली. शिरोड्याच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. वेळागरच्या वाळूत आणि सुरूच्या सावलीत तेच सामान पसरलेले आहे. एकाच प्रकारचे दहा शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत लावताना मूल तेच शिकते, जे लाकडी दट्ट्यांच्या विकतच्या पेटीतून शिकते. पानांच्या कडा पाहून ती वेगळी करणे म्हणजे वर्गीकरण. चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग म्हणजे अंकगणित. खरखरीत आणि गुळगुळीत यांतला भेद ज्या बोटांना कळला, ती बोटे पुढे अक्षराचे वळणही सहज गिरवतात. पेरलेले बी उकरून पाहण्याचा मोह आवरणे हे तर मोठ्यांनाही जमत नाही!

१९५७ च्या सुमारास काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. ही मुले दिवसभर गुरांमागे असत. म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा निघाली. येथे मला थोडे थबकावेसे वाटते. गुरे राखणाऱ्या मुलाला गुरांजवळच शिकवले, तर त्याची गुरे सुटणार कधी, हा आक्षेप कोणीही घ्यावा असाच आहे. कुरणशाळा हेच अंतिम ठिकाण असते, तर मीही तो घेतला असता. परंतु कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडलेल्या होत्या. पान-शिंपल्यांपासून निघालेली वाट पाटी-पुस्तकापर्यंत जात होती. शिवाय झाडे, पाखरे, ऋतू यांविषयी वारली मुलाला जे ठाऊक होते, त्याला तेथे ज्ञान म्हणून मान होता. शाळेत पहिल्याच दिवशी आपण अडाणी आहोत असे ज्या मुलाला कळते, ते दुसऱ्या दिवशी येत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे ठाऊक आहे. बालवाडीतून घरी मातीने भरलेले हात आले, तर पालकांनी एवढेच विचारावे : आज काय मोजले, काय वेगळे केले, काय उगवले? मुलाला त्याचे उत्तर देता आले नाही, तर मग शाळेला जाब जरूर विचारावा.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. अनुताई कोसबाडलाच राहिल्या. १९९२ मध्ये त्या गेल्या, तोवर टेकडीवरचे काम त्यांनी चालू ठेवले होते.