मालवणचे आघारकर आणि गोड्या पाण्यातला जेलीफिश

मालवणच्या किनाऱ्यावर जेलीफिश दिसणे ही काही बातमी नव्हे. पण तसाच प्राणी सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यातल्या कोयना आणि वेण्णा नद्यांच्या गोड्या पाण्यात पोहताना सापडला, तेव्हा प्राणिशास्त्रज्ञांनी कान टवकारले. तो शोधणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर जन्माने मालवणचेच होते. जन्म १८ नोव्हेंबर १८८४.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून एम.ए. झालेले आघारकर जीवशास्त्र शिकवत आणि सवड मिळाली की घाटात भटकत. या भटकंतीत हाती लागलेला जेलीफिश नाण्याएवढा, जवळजवळ पारदर्शक. त्याचे भाऊबंद तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. टांगानिका सरोवरात असा प्राणी आढळल्यावर, हे सरोवर कधीकाळी समुद्राला जोडलेले असावे, असा तर्क काहींनी लढवला होता. सह्याद्रीतल्या नद्यांसाठी तसे म्हणायची सोय नव्हती. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अनांडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून ‘लिम्नोक्नायडा इंडिका’ असे नाव दिले. आघारकरांची नोंद १९१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

एवढे नवल कशाचे? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात त्याचा अगदी नगण्य अंश. गोड्या पाण्यातल्या प्रत्येक पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे पाणी सतत आत घुसते आणि क्षार बाहेर निसटू पाहतात. पाण्यातले हिरवे शेवाळही याच पेचात जगते. कित्येक एकपेशीय शेवाळांत एक इवलीशी पिशवी भरते आणि रिकामी होते, भरते आणि रिकामी होते. होडीतले पाणी उपसावे तशी. क्षारांचा हिशेब पेशीपटलात रुतलेली प्रथिने ठेवतात. कुणी पंपासारखी, कुणी दरवाजासारखी.

पाणी खारट झाले की हिशेब उलटतो. पेशीतले पाणी बाहेर जाते, सोडियम आत शिरतो. जे शेवाळ सोडियम झटपट बाहेर फेकू शकते ते तगते. तळ्यात वाढणाऱ्या ‘कारा’ या शेवाळाच्या दोन सख्ख्या जातींतली एक खाऱ्या पाण्यात तरते, दुसरी मरते. फरकाचा मोठा भाग पेशीपटलावरच्या याच यंत्रणेत सापडतो. (माणसाच्या मूत्रपिंडातही सोडियमची ने-आण पटलातली प्रथिनेच करतात. वॉर्डात रक्तातले सोडियम तपासायची घाई असते, ती उगाच नाही.)

बदलापूरला गोडी असलेली उल्हास नदी कल्याणच्या पुढे खाडी होते. तिथला खारेपणा समुद्राचा, भरती-ओहोटीच्या तालावर चढणारा-उतरणारा. तिथल्या जीवांना त्याची सवय आहे. अंबरनाथ-उल्हासनगरमधून येणाऱ्या वालधुनीची गोष्ट वेगळी. कारखान्यांच्या आणि कापड रंगवण्या-धुण्याच्या सांडपाण्यातले क्षार वेळापत्रक पाळत नाहीत, आणि सोबत इतर रसायनेही आणतात. पेशीचा पंप कितीही चांगला असला तरी तो ऊर्जेवर चालतो. ती सगळी क्षार उपसण्यात गेली तर वाढीसाठी उरते काय?

आघारकरांना जेलीफिश सापडला तेव्हा पेशीपटलातले हे पंप कुणाला ठाऊक नव्हते. पण खारेपणाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. कलकत्ता विद्यापीठात नेमणूक झाल्यावर ते पुढील अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यांना १९१४ ते १९१७ स्थानबद्ध ठेवले. उमेदीची वर्षे अशी गेली तरी ते संशोधन सोडून परतले नाहीत. बर्लिनमध्ये आडोल्फ एंग्लर यांच्या हाताखाली १९१९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता वायव्य भारतातल्या रुक्ष आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींचा: त्या आल्या कुठून, पसरतात कशा. गोड्या पाण्यातल्या ‘समुद्री’ प्राण्यापासून मिठाच्या जमिनीतल्या झुडपांपर्यंतचा हा प्रवास विलक्षणच म्हणायला हवा.

पुढे १९४६ पर्यंत ते कलकत्त्यात वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक होते. साठी उलटल्यावर माणूस गावी घर बांधतो. आघारकरांनी पुण्यात संस्था बांधायला घेतली. १९४६ मध्येच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली आणि संस्थापक-संचालक म्हणून २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत ते तिच्यासाठी राबले.

१९९२ मध्ये संस्थेच्या प्रयोगशाळेला आघारकर संशोधन संस्था असे नाव मिळाले. ती ज्या रस्त्यावर आहे तो मात्र ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. पुण्यात पत्ता विचारणाऱ्यांचा अजूनही हटकून गोंधळ होतो.